हुंडेकरी : जकातीचा जामीन

पेशवाईंतील जकातीविषयीं लिहितांना थळभरीत, थळमोड व छापा हीं नांवें सांगावयाचीं आणि इतक्या नाक्यांखालीं व्यापार चेंगरला असलाच पाहिजे असा निकाल द्यावयाचा, असा प्रघात पडला आहे. माल भरला तेथें थळभरीत, विकला तेथें थळमोड, आणि वाटेंत मक्ता बदलला कीं नवा जकातदार. कागदावर ही सांखळी दुःसह दिसते खरी. मग कोंकणचें मीठ घाट चढून देशावर येत होतें तें कसें?

याचें उत्तर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें 1819 सालच्या आपल्या वृत्तान्तांत दिलें आहे. हुंडेकरी नांवाचे लोक एकच ठोक रक्कम घेऊन व्यापाऱ्याचा माल सर्व मुलखांतून पार करून देत. जकातीच्या मक्तेदारांशीं त्यांचा ठराव असे व देण्याबद्दल तेच जबाबदार राहत. ते नसते तर हा जाच असह्य झाला असता, असा त्याचा अभिप्राय आहे. (हुंडा म्हणजे मूळ असा ठोक करार, आतां हा शब्द लग्नापुरताच उरला आहे.)

आमच्या मतें हुंडेकरी नुसता वाहतूकदार नव्हे. तो दोन्ही पक्षांचा जामीन होय. न्हावा-शेवा बंदरांत आज माल सोडविणाऱ्या दलालास 1962 च्या कस्टम्स कायद्यान्वयें सरकारी परवाना लागतो. हुंडेकऱ्याचें भांडवल म्हणजे त्याची पत. मुंबई इलाख्यांतील वाटेवरील जकाती 1838 सालीं उठल्या, तेव्हां त्याच्या धंद्याचें हें अंग गळालें. आडनांव मात्र टिकलें.

सरदेसायांनीं 1930 ते 1934 या काळांत पेशवे दप्तराचे 45 खंड संपादिले. पण दप्तर म्हणजे सरकारची बाजू. हुंड्याचा व्यवहार खासगी. त्याचा माग व्यापाऱ्यांच्या वह्यांतच लागावयाचा. शिवाय एल्फिन्स्टनचें म्हणणें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखापुरतें आहे. तें नागपूरकर भोसल्यांच्या राज्यास जसेंच्या तसें लावणें आम्हांस मान्य नाहीं. नागपुराहून भंडारा, साकोली, देवरी या वाटेनें रायपुराकडे जाणारा रस्ता नागझिऱ्याच्या रानाच्या दक्षिणेनें जातो. या वाटेवरील जुन्या पेढ्यांच्या वह्या शोधणें हें भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील संग्राहकांचें काम आहे.

त्यांस एवढीच विनंति, कीं हुंड्याची चिठी आढळल्यास ती वहींतून सुटी करूं नये. चिठीवरून रक्कम कळेल. ती कोणत्या मालाची व कोठपर्यंतची, हें शेजारच्या पानावरूनच कळावयाचें.