जालना रोडवरच्या औषधाचं कूळ

बदनापुरात संशोधन म्हटलं की कृषी संशोधन केंद्र आठवतं, मर रोगाला दाद न देणारी तूर आठवते. तिथून जालना रोडने छत्रपती संभाजीनगरकडे गेलं की चिकलठाणा एमआयडीसी लागते. तिथल्या वोक्हार्टच्या संशोधन केंद्राने लिव्होनॅडिफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक घडवलं. ते मात्र हिवतापाच्या औषधाच्या वंशातलं आहे.

अमेरिकेत क्लोरोक्वीन तयार करताना निघालेल्या एका उपपदार्थाने जिवाणू मरतात, हे जॉर्ज लेशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं. त्यातून १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक आम्ल आलं, लघवीच्या जंतुसंसर्गावर. हा क्विनोलोन घराण्याचा मूळपुरुष. पुढे रेणूत फ्लोरिनचा अणू बसला, तिसरं वलय जोडलं गेलं आणि फ्लुमेक्विन झालं. त्यालाच आणखी एक फांदी लावून जपानच्या ओत्सुका कंपनीने नॅडिफ्लॉक्सॅसिन बनवलं. ते पाण्यात नीट विरघळेना, म्हणून मुरमांवरचं मलम एवढ्यावरच राहिलं.

खरी कारागिरी इथून पुढची, आणि मला तीच फार मोलाची वाटते. नॅडिफ्लॉक्सॅसिन म्हणजे डाव्या-उजव्या हातासारख्या दोन प्रतिरूप रेणूंचं मिश्रण. जिवाणूंवर जास्त जोर त्यातल्या एकाचा. चिकलठाण्याच्या चमूने तेवढंच रूप घेतलं आणि आर्जिनिन या अमिनो आम्लाबरोबर त्याचा क्षार केला. आता ते पाण्यात विरघळलं, शिरेतून देता येऊ लागलं. डब्ल्यूसीके ७७१ हे त्याचं प्रयोगशाळेतलं नाव. व्हॅन्कोमायसिनलाही न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर ते चालतं, हे सांगणारा शोधनिबंध २००५ मध्ये आला. लेखकांत नोएल डिसूझा आणि हबील खोराकीवालांबरोबर गुप्ते, देशपांडे, भावसार अशी आपल्याकडची आडनावंही आहेत.

ते चालतं कसं? डीएनएचा पीळ सांभाळणारी दोन विकरं जिवाणूत असतात: गायरेज आणि टोपोआयसोमरेज-४. स्टॅफिलोकॉकसमध्ये बहुतेक क्विनोलोन आधी टोपोआयसोमरेज-४ वर घाव घालतात, म्हणून तिथे बदल करून जिवाणू निसटू लागला. लिव्होनॅडिफ्लॉक्सॅसिन आधी गायरेजला गाठतं. शिवाय औषध बाहेर फेकणारा जिवाणूचा नॉर-ए हा पंपही त्याला फारसा हटवू शकत नाही.

गोळीसाठी रेणूला ॲलानिन जोडलं. शरीरात ते सुटतं आणि मूळ औषध मोकळं होतं. जानेवारी २०२० मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी दोन्ही रूपांना मान्यता दिली: ८०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, १००० मिलिग्रॅमची तोंडावाटे मात्रा, दिवसातून दोनदा. मधुमेहाने पायाची जखम चिघळलेल्या माणसाला दवाखान्यात इंजेक्शनं घेऊन उतार पडल्यावर डॉक्टर त्याच औषधाच्या गोळ्या देऊन घरी पाठवू शकतात.