दिनविशेष : ९ एप्रिल – अमेरिकेचे युद्ध आणि नगरची कर्जखते

९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियात दक्षिणेचे जनरल ली यांनी उत्तरेच्या जनरल ग्रँट यांच्यापुढे शरणागती पत्करली आणि गुलामगिरीवरून पेटलेले अमेरिकेचे यादवी युद्ध संपत आले. १८६१ पासून उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली होती. त्यामुळे मँचेस्टरच्या गिरण्या कापसासाठी मुंबईकडे वळल्या, भाव कडाडले, सावकारांनी हात सैल सोडला. लढाई थांबताच भाव कोसळले. दहा वर्षांनी, १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदे, पारनेरपर्यंत पसरला. त्याच्या मुळाशी ही मंदीही होती, असे मानायला हवे.

नगर जिल्हा बाजरी-ज्वारीचा, इथे कापूस होताच किती, हा आक्षेप रास्त आहे. इंदापूरकडे १८६७ पासूनची सारावाढ आणि सावकाराला हुकूमनामे देणारी दिवाणी न्यायालये यांचा दोषही मोठाच. पण पत एका पिकापुरती नसते. तेजीत धान्य महागले, जमिनीवर कर्ज सहज मिळू लागले. मंदीत सावकाराने हात आखडला तो बाजरी पिकवणाऱ्यासाठीही. दंगेकऱ्यांनी काय मागितले ते पाहावे : बहुतेक गावांत माणसांना फारसा हात न लावता त्यांनी कर्जखतेच जाळली. इतका नेमका राग असलेल्यांना निव्वळ लुटारू ठरवणे अन्यायाचे आहे. सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी झाला.