टल्सातल्या मुलीची तक्रार

इतिहासाच्या दफ्तरात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची मतं फारशी सापडत नाहीत. त्यांच्यासाठी शाळा कुणी काढल्या, पुस्तकं कुणी छापली, कुठल्या पुस्तकांवर कुणी आक्षेप घेतला, याच्या नोंदी ढिगानं मिळतात. पण ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, त्यांना ती पुस्तकं आवडली का, हे विचारल्याचं क्वचितच दिसतं. म्हणूनच २७ ऑगस्ट १९६७ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पुस्तक पुरवणीतला एक लेख मला मोलाचा दस्तऐवज वाटतो. लेखिका होती सुझन एलॉइज हिंटन. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात राहणारी, शाळा संपवून जेमतेम वर्ष झालेली मुलगी. आणि विषय होता, किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या त्या मुलांनाच का पटत नाहीत.

तिची तक्रार साधी होती. मोठी माणसं आमच्याविषयी लिहितात ती एक तर स्वतःच्या आठवणींवरून, नाही तर लांब उभी राहून, भीतभीत. त्यामुळे पुस्तकांत सापडतं काय? गोड प्रेमप्रकरण, नाचाची पार्टी, नाही तर घोड्यावर जीव लावणारी मुलगी. शहरातल्या टोळ्या, श्रीमंत आणि गरीब मुलांमधली दुश्मनी, घरातली भांडणं, हे जे आम्ही रोज पाहतो, ते कुठंच नाही. आम्हाला धक्का बसेल म्हणून घाबरू नका, असं ती लेखकांना सांगते. पण लगेच पुढची अटही घालते. नुसता अंधार दाखवू नका. धरून ठेवण्यासारखं काही तरी हाती द्या.

ही दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘वास्तव दाखवा’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. वास्तव दाखवून झाल्यावर वाचणाऱ्या पोरानं काय करायचं, याचा विचार करणारे थोडे.

तक्रारीतून कादंबरी

हिंटननं लेख लिहिला तेव्हा तिची स्वतःची कादंबरी बाजारात येऊन चार महिने झाले होते. ‘द आउटसायडर्स’ ही ती कादंबरी. लिहायला घेतली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. वाचायला मनासारखं काही मिळत नाही, म्हणून आपणच लिहिलं, असं तिनं पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं. ज्या वर्षी ती हे लिहीत होती, त्याच वर्षी सर्जनशील लेखनाच्या विषयात तिला काठावरचे गुण मिळाले, हाही किस्सा तिनंच सांगितलेला.

कादंबरीचा निवेदक पोनीबॉय चौदा वर्षांचा आहे. आईवडील अपघातात गेलेले, तीन भाऊ एकमेकांना सांभाळून राहतात. तेल लावलेल्या लांब केसांची गरीब पोरं एका बाजूला, चांगल्या गाड्यांतून फिरणारी श्रीमंत पोरं दुसऱ्या बाजूला. मारामाऱ्या होतात, जीव जातात. आणि या सगळ्यात हा मुलगा पुस्तकं वाचतो, सिनेमे बघतो, सूर्यास्ताकडे बघत उभा राहतो. गुंड म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं, त्यांच्यातलाच एक जण आपली बाजू स्वतः सांगतो, हेच या पुस्तकाचं बळ.

व्हायकिंग प्रेसनं पुस्तक छापताना लेखिकेचं पूर्ण नाव न देता ‘एस. ई. हिंटन’ एवढंच छापलं. टोळ्यांची गोष्ट एका मुलीनं लिहिली आहे म्हटल्यावर पुरुष समीक्षक ती गांभीर्यानं घेणार नाहीत, ही भीती होती. म्हणजे जी मुलगी पुस्तकातल्या खोटेपणाविरुद्ध बोलत होती, तिलाच बाजारात येताना आपलं मुलगीपण झाकावं लागलं!

अमेरिकेत या प्रकारच्या साहित्याला ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणतात. त्याची सुरुवात हिंटनपासून झाली असं सरसकट म्हणता येणार नाही. मॉरीन डेली यांची ‘सेव्हन्टीन्थ समर’ १९४२ मध्येच आली होती. ग्रंथपालांच्या संघटनेनं किशोर वाचकांसाठी वेगळा विभाग १९५७ मध्ये सुरू केला होता. पण १९६७ नंतर वाट बदलली हे खरं. पॉल झिंडेल यांची ‘द पिगमॅन’ १९६८ मध्ये, रॉबर्ट कॉर्मियर यांची ‘द चॉकलेट वॉर’ १९७४ मध्ये आली. किशोरांच्या कादंबरीत मृत्यू, एकटेपणा, शाळेतली दडपशाही यांना जागा मिळाली. पुढं १९८८ मध्ये किशोर साहित्यातल्या योगदानासाठी मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार सुरू झाला, तेव्हा त्याची पहिली मानकरी हिंटनच ठरली.

या प्रवासात वाचक गप्प बसले नव्हते. १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोजवळच्या लोन स्टार शाळेच्या ग्रंथपाल जो एलन मिसाकियन यांनी दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना पत्र लिहिलं. आमच्या मुलांना हे पुस्तक फार आवडतं, तुम्ही यावर सिनेमा काढा, अशी विनंती होती आणि सोबत मुलांच्या सह्या. ‘गॉडफादर’ काढणाऱ्या माणसानं ते पत्र मनावर घेतलं. १९८३ मध्ये सिनेमा आला आणि तो त्या ग्रंथपालांना व शाळेच्या विद्यार्थ्यांना अर्पण केलेला आहे.

जे तिलाही दिसलं नाही

इथपर्यंतची गोष्ट सांगून थांबलो तर ती अर्धीच राहील.

हिंटनचं टल्सा हे काही साधं शहर नव्हतं. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत या शहरात गोऱ्या जमावानं ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती जाळून टाकली. तिला ‘ब्लॅक वॉल स्ट्रीट’ म्हणत. पस्तीसेक चौकांचा परिसर खाक झाला, बाराशेहून जास्त घरं जळाली. मृतांचा आकडा तीनशेपर्यंत असावा, असा अंदाज इतिहासकार देतात. त्यानंतर या शहरानं दशकानुदशकं मौन पाळलं. पाठ्यपुस्तकांत उल्लेख नाही, समारंभ नाही, स्मारक नाही. ओक्लाहोमा राज्यानं चौकशी आयोग नेमला तो १९९७ मध्ये. त्याचा अहवाल आला २००१ साली, म्हणजे ऐंशी वर्षांनी.

हिंटनच्या शाळकरी वयात टल्सातल्या वस्त्या आणि शाळा व्यवहारात वंशावरून वेगळ्याच होत्या. तिच्या कादंबरीतली दोन्ही टोळ्यांची पोरं गोरी आहेत. श्रीमंत-गरिबाची दरी तिला लख्ख दिसली, कारण ती तिच्या शाळेच्या आवारात होती. पण शहरातली त्याहून खोल दरी पुस्तकात नाही. यात मी त्या मुलीला दोष देत नाही. जे शहरानंच पोरांपासून दडवलं, ते पंधरा वर्षांच्या मुलीनं कुठून आणायचं? मुद्दा एवढाच की, प्रामाणिक वाचकाची तक्रारही तो ज्या मोहल्ल्यात राहतो, तिथपर्यंतच पोचते. पलीकडची तक्रार पलीकडच्यानंच करावी लागते.

ती तक्रार होतही होती. १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांनी ‘सॅटर्डे रिव्ह्यू’मध्ये मुलांच्या पुस्तकांची झडती घेतली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतली पाच हजारांहून अधिक पुस्तकं त्यांनी तपासली. चित्रात किंवा मजकुरात एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र असलेली पुस्तकं सात टक्केही भरली नाहीत. पन्नास वर्षांनंतर काय? विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालसाहित्य केंद्रानं २०१३ मधली सुमारे ३,२०० पुस्तकं पाहिली. त्यातली कृष्णवर्णीयांबद्दलची पुस्तकं होती ९३.

या आकड्यावर २०१४ मध्ये वॉल्टर डीन मायर्स यांनी लेख लिहिला. हार्लेममध्ये वाढलेले, किशोरांसाठी आयुष्यभर लिहिणारे हे कादंबरीकार. ते सांगतात की, लहानपणी ते अधाशासारखे वाचायचे. वय वाढलं तसं कळत गेलं की या पुस्तकांत आपण कुठंच नाही, आणि वाचनावरचं मन उडालं. पुढं जेम्स बाल्डविन यांची एक कथा हाती आली. आपल्या गल्लीबद्दलही लिहिता येतं, ही जणू परवानगीच त्यांना मिळाली.

हे वाचताना मला परकं वाटलं नाही. घरात दक्खनी, शाळेत मराठी अशा दोन भाषांत वाढलेला मी. मराठी पुस्तकांनीच मला घडवलं. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेबरोबर मी मनानं पुष्कळ भटकलो. पण माझ्या हाती आलेल्या पुस्तकांत माझ्यासारखं नाव असलेला माणूस भेटायचा तो टांगेवाला, अत्तरवाला, नाही तर ऐतिहासिक कादंबरीत शत्रूच्या गोटातला सरदार. गणिताला घाबरणारा, क्रिकेट खेळणारा, ईदच्या नव्या कपड्यांवर शाई सांडणारा मुलगा मला त्या वयात भेटला नाही. तक्रार करायची असते, हेही तेव्हा माहीत नव्हतं.

आजची कुस्ती

‘द आउटसायडर्स’ला पन्नास वर्षं झाली त्याच वर्षी, २०१७ मध्ये, दोन कादंबऱ्या आल्या. जेनिफर लेथम यांची ‘ड्रीमलँड बर्निंग’ थेट १९२१ च्या टल्सावर होती. अँजी थॉमस यांची ‘द हेट यू गिव्ह’ पोलिसांच्या गोळीनं मित्र गमावलेल्या सोळा वर्षांच्या मुलीची गोष्ट होती. दुसरी प्रचंड खपली, आणि अमेरिकेत सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीतही गेली. टेक्सासमधल्या केटी इथं शाळांच्या ग्रंथालयांतून ती काढली गेली, तेव्हा एका विद्यार्थिनीनं हजारो सह्या गोळा केल्या. पुस्तक परत आलं, पण पालकांच्या परवानगीची अट घालून. फ्रेस्नोच्या मुलांनी सह्या केल्या त्या सिनेमासाठी. केटीच्या मुलीला सह्या गोळा कराव्या लागल्या त्या नुसतं वाचायला मिळावं म्हणून.

२०२२ मध्ये ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयानं देशभरातल्या १३ ते २१ वयाच्या मुलांना ई-पुस्तकांचं मोफत कार्ड देऊ केलं. हिंटनच्याच ओक्लाहोमातल्या नॉर्मन शहरात एका शिक्षिकेनं त्या योजनेचा क्यूआर कोड वर्गात लावला. वाद पेटला, तिनं राजीनामा दिला आणि २०२४ मध्ये राज्यानं तिचा शिक्षकी परवानाच रद्द केला.

दुसरं दडपण बाजाराचं आहे. बोकर या संस्थेच्या २०१२ च्या पाहणीत दिसलं की, १२ ते १७ वयासाठी काढलेल्या पुस्तकांचे ५५ टक्के खरेदीदार अठरा किंवा त्याहून मोठे आहेत. खपाचा कौल मोठ्यांचा असेल तर प्रकाशक कुणाची आवड सांभाळणार? एकीकडे मोठी माणसं किशोरांच्या हातून पुस्तकं काढून घेतात, दुसरीकडे मोठीच माणसं त्यांच्या नावानं पुस्तकं विकत घेतात. सोळा वर्षांच्या वाचकाचं मत दोन्हीकडे गौण ठरतं.

आपल्याकडे बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून आहे, कुमार साहित्याला पुरस्कार आहेत, बालकुमार संमेलनं भरतात. मी ज्या संमेलनांना गेलो, तिथं मंचावरून मुलांना वाचनाचं महत्त्व सांगितलं जायचं आणि मुलं रांगेत बसून ऐकायची. त्यांना माईक मिळाला तर तो पाठ केलेलं भाषण म्हणायला. गेल्या वर्षी कुठलं पुस्तक अर्ध्यावर सोडलंस आणि का, हा प्रश्न मी तिथं कधी ऐकला नाही.

हा प्रश्न विचारायला खर्च काही नाही. शाळेच्या ग्रंथालयात एक वही ठेवली तरी पुरे. मात्र त्यात ‘पुस्तक कंटाळवाणं आहे’ किंवा ‘यात आमच्यासारखं कुणी नाही’ असं लिहिणाऱ्या मुलाला नंतर कुणी मुख्याध्यापकांपुढं उभं करायला नको. उद्याच्या इतिहासकाराला ती वही आपल्या सगळ्या अध्यक्षीय भाषणांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.