कल्हईचा भाव

गावगाड्यात मुलाण्याला बलुतं होतं. बकरं हलाल करून द्यायचं आणि सुगीला खळ्यावरून धान्य आणायचं. एकेका कामाचा भाव सांगायची पाळी त्याच्यावर सहसा येत नसे. फिरत्या कल्हईवाल्याचं तसं नव्हतं. त्याला ना वतन, ना ठरलेलं धान्य. भाव रोख, आणि तोही दर दारात नव्यानं ठरायचा. आमचे कारागीर घासाघिशीत चिवट असतात असं आजही ऐकवतात. दुसरा इलाजच नव्हता, हे कुणी बोलत नाही.

माझे आजोबा कल्हई करायचे. पातेलं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील लावून कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं. गिऱ्हाइकाला दिसायची ती एवढीच पाच मिनिटं. "चाचा, एवढ्याचे इतके?" कोळसा, भात्यावर बसलेला पोरगा, गावोगावची पायपीट यातलं काही तिच्या हिशेबात नसे. कथील तर नसेच. ते बहुतेक मलायाकडून यायचं. १९४२ मध्ये मलाया जपानच्या ताब्यात गेला आणि कथलाची टंचाई झाली. आता मलाया कुठं आणि जपान कुठं, हे उंबऱ्यात उभ्या बाईला कसं पटवायचं? "मागच्या खेपेला तर निम्म्यात केलंत!"

निम्म्यात करता येत होतं. कथलात शिसं मिसळायचं. पहिल्या दिवशी चकाकी तशीच दिसते. पुढं चिंच घातलेल्या आमटीतून ते शिसं पोरांच्या पोटात जातं. आजोबांनी ते केलं नाही. "पैसे कमी असतील तर दोन भांडी कमी द्या, कथील कमी मागू नका," असं ते सांगत. काही घरं तुटली ती तुटलीच. त्या वर्षी आमच्या घरात एकवेळचंच जेवण होतं, हे मी आजीकडून ऐकलंय.

मदिनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी प्रेषितांकडे (स.) भाव बांधून द्यायची मागणी केली आणि त्यांनी नकार दिला, ही हदीस आमचे व्यापारी आवडीनं सांगतात. इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी हिस्बावरच्या ग्रंथात पुढचा विचार मांडला. लोकांना कारागिराची गरज असेल आणि तो अडून बसला, तर हाकिमानं त्याला वाजवी मजुरीवर कामाला लावावं; पण त्या मजुरीत त्याच्यावरही अन्याय होता कामा नये. हा दुसरा भाग मी मशिदीतल्या बयानात अजून ऐकलेला नाही.

पुढं घरोघरी स्टील आलं. आजोबांचा भाता अजून माळ्यावर आहे, त्याचं कातडं फाटलंय.