नगदी पिके व ग्रामीण दारिद्र्य (महाराष्ट्र)

नगदी पिके : कुटुंबाच्या उदरनिर्वाहाकरिता नव्हे, तर मुख्यतः विकून रोख पैसा मिळविण्याकरिता घेतलेली पिके. महाराष्ट्रात कापूस, ऊस, हळद, तंबाखू, कांदा व द्राक्ष-डाळिंबादी फळे या वर्गात मोडतात. ज्वारी पिकविणारा कुणबी कणगीत दाणे असेतो बाजाराकडे पाठ फिरवू शकतो. कपाशी करणाऱ्यास ती मुभा नसते, कारण कापूस खाता येत नाही आणि सरकारचा सारा, मजुरांचे पैसे व सावकाराचे देणे ही तिन्ही सुगीबरोबरच दाराशी येऊन बसतात. अशा पिकांनी दारिद्र्य हटते की नाही, हे पिकाच्या जातीपेक्षा ते करणाऱ्याच्या थांबण्याच्या ऐपतीवर अधिक अवलंबून असते, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत आहे.

वऱ्हाड हे याचे ठळक उदाहरण. निजामाकडून 1853 मध्ये हा सुभा इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटून लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस दुर्मीळ झाला, तेव्हा काळ्या जमिनीतल्या कपाशीला न भूतो असा भाव येऊन खामगाव, अमरावतीच्या पेठा गजबजून गेल्या. तेजीच्या भरवशावर कुळांनी कर्ज उचलले व सावकारांनी ते हात सैल सोडून दिले. परंतु 1865 मध्ये युद्ध संपताच भाव खाली आले आणि कर्जखतांवरचे आकडे मात्र होते तेथेच राहिले. हीच कापसाची मंदी, तीत वाढीव साऱ्याची भर आणि सावकारांनी आखडलेला हात, या व अशा अनेक कारणांनी 12 मे 1875 रोजी वऱ्हाडाबाहेर, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्ध दंगा उसळला. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा रोख्यांवर, गहाणखतांवर व हुकूमनाम्यांवर होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यातून 1879 चा दक्षिणी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याने कोर्टातील अन्याय काहीसा आवरला, तरी पतपुरवठ्याची दुसरी सोय केली नाही. स्वतंत्र महाराष्ट्र राज्याने 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली, तिचा मूळ हेतू शेतकऱ्याच्या वतीने शासनाने थांबावे हाच होता. पुढे ती तोट्यात रुतली. या सर्व उलाढालीत वेचणीच्या बायांचा उल्लेख क्वचितच आढळतो. त्यांची मजुरी वजनावर असते. पहिल्या वेचणीला ओटी लवकर भरते, पण शेवटच्या वेचणीला, बोंडे विरळ झाल्यावर, तेवढ्याच उन्हात दिवसभर राबून निम्मे वजनही हाती लागत नाही.

उसाची कथा निराळी आहे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला तर तोडणीस सोळा ते अठरा महिने लागतात, आणि तेवढा काळ पाणी, खत व घरखर्च भागविणे एकट्यादुकट्या बागायतदारास झेपणारे नसते. अहमदनगर जिल्ह्यात भंडारदरा धरणाच्या कालव्यांनी पाणी आले, तरी गूळ करून तो आडत्याच्या पदरी घालण्यापलीकडे लहान शेतकऱ्यास मार्ग नव्हता. तेव्हा शेतकऱ्यांच्या स्वतःच्या साखर कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून भागभांडवल जमविले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी त्यास शास्त्रीय बैठक दिली व अध्यक्षपद स्वीकारले, आणि लोणी येथे प्रवरा सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 मध्ये पार पडला. सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच, हा त्यातील कळीचा नियम होय. कारखान्यामागोमाग शाळा, दवाखाने, रस्ते व सोसायटीचे कर्ज आले. लोणी-कोपरगाव पट्ट्यातील अनेक मध्यम शेतकरी घरे खरोखर सुस्थितीत आली. पाण्याचा फार मोठा वाटा या एका पिकाकडे गेला आणि कोरडवाहू गावे त्या समृद्धीच्या काठावरच राहिली, हेही तितकेच खरे.

ज्यांच्या श्रमावर हा हंगाम चालतो ते तोडणी कामगार बहुतांशी बीड व आसपासच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतले. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता धरला जातो. मजूर पुरविणारा मुकादम दसऱ्याच्या सुमारास उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, ती हंगामभर मजुरीतून फिटते वा फिटत नाही, आणि फिटली नाही तर पुढील वर्षीचा करार आपोआप ठरतो. तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, बैलांना घालून उरतील ते विकून रोजचे मीठमिरची भागवावे, अशी त्यांची रीत. साखरेच्या भावाची तेजी त्यांच्या कोपीपर्यंत फारशी पोहोचत नाही.

फळबागांबाबत राज्याने 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली लागवड योजना आखली. आंबा वा काजू लावल्यापासून फळ धरेपर्यंत काही वर्षे रिकामी जातात. त्या मुदतीत खड्डे खणणे, कुंपण व राखण यांची मजुरी शासनाने द्यावी आणि शेतकऱ्याने स्वतःच्याच शेतावर मजूर म्हणून राबून ती घ्यावी, अशी तिची रचना होती. कोकणातील वरकस डोंगरउतारांवर तिचा फायदा स्पष्ट दिसला. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याला मात्र तीत झाडाचा नव्हे, केवळ खड्ड्याचा वाटा मिळाला.