मांसधरा कलेची कुळकथा

यशवंतपूरच्या बाजार समितीच्या आवारात महाराष्ट्रातून आलेल्या कांद्याच्या गोण्या उतरविताना हमाल कंबरेत वाकतो, पन्नास किलोंचे ओझे पाठीवर घेतो आणि ताठ होत चालू लागतो, तेव्हा त्याच्या कंबरेमागे पसरलेला एक पांढरा, चिवट, तंतुमय पडदा असे काम करीत असतो की ज्याची पुरती दखल आधुनिक वैद्यकाने फार उशिरा घेतली. दंडापासून पाठभर पसरणारा रुंद स्नायू आणि विरुद्ध बाजूचा नितंबाचा स्नायू हे दोन्ही या पडद्याला येऊन मिळतात आणि एका अंगाचा ताण दुसऱ्या अंगास पोहोचविण्याची जबाबदारी तो पार पाडतो. त्वचेखाली आणि प्रत्येक स्नायूभोवती मस्तकापासून तळपायापर्यंत अखंड असणाऱ्या फॅशियाचा, म्हणजेच प्रावरणीचा, हा एक भाग होय.

तिचे कूळ शोधू जाता सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान उघडावे लागते. धातू आणि आशय यांच्यामधील मर्यादा म्हणून तेथे सात कला सांगितल्या असून त्यांतील पहिली मांसधरा. चिखलपाण्यात कमळाचे देठ फैलावावेत तशा तिच्या ठायी, मांसामध्ये, सिरा आणि धमन्या फैलावतात. कलेचे लक्षणही बारकाईचे आहे: तंतूंनी आच्छादलेली, पातळ आवरणाने व्यापलेली, श्लेष्म्याने वेढलेली. सातही कलांना प्रावरणी म्हणणे मात्र गैर ठरेल. पित्तधरा किंवा शुक्रधरा यांचा तपशील निराळा आहे.

एवढे सूक्ष्म दर्शन घडले ते शवच्छेदनाच्या रीतीमुळे, असे माझे मत आहे. विषाने वा दीर्घ रोगाने न मेलेल्या मनुष्याचे शव, आतड्यांतील मळ काढून, मुंज, कुश किंवा ताग यांनी वेढून पिंजऱ्यात ठेवावयाचे. वाहत्या नदीच्या आडोशाच्या जागी ते सात रात्री कुजू द्यावयाचे. आणि मग वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासीत त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर डोळ्यांनी पाहावयाचा. अशा घासण्याने जे पदर सुटून दिसतात, त्यांना सुरी एका फटकाऱ्यात पार करून जाते.

युरोपात सुरीचेच राज्य झाले. 1543 साली प्रसिद्ध झालेल्या व्हेसेलियसच्या ग्रंथातील भव्य चित्रांत स्नायू ठळक दिसावेत म्हणून आवरणे दूर सारलेली आहेत. पुढे कँपर आणि स्कार्पा यांची नावे जांघेतील व पोटावरील पदरांना मिळाली खरी, कारण अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेत ते टाळून जाणे शक्य नव्हते. परंतु विच्छेदनाच्या मेजावर प्रावरणी बहुधा खरवडून टाकण्याचीच वस्तू राहिली.

तिच्यासाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती थेट 2007 साली, बोस्टनला. 2011 मध्ये पादुआ विद्यापीठाच्या कार्ला स्टेको आणि सहकाऱ्यांनी खोल प्रावरणी व स्नायू यांच्यामध्ये हायलुरॉनिक आम्लाचा निसरडा थर असल्याचे दाखविले; तो दाट झाला की पदरांचे एकमेकांवरून सरकणे अडते व दुखणे उद्भवते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. श्लेष्म्याने वेढलेली ही सुश्रुताची नोंद आता पुन्हा एकवार, कुंचल्याच्या रीतीसह, शरीररचनेच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवली पाहिजे.