साप्ताहिकीची वही

'साप्ताहिकी' लिहून घेण्याचं काम माझ्याकडे होतं. मुंबई दूरदर्शनवर आठवड्यातून एकदा पुढच्या सात दिवसांचे कार्यक्रम सांगत, आणि कोपर गावात तात्यांच्या घरी बसून मी ते वहीत उतरवून घेई. टीव्ही तात्यांचा, वही माझी. आमच्या आळीत तेवढा एकच संच होता. अँटेना वरळीच्या दिशेला वळवलेला. खाडीवरून वारा सुटला की पडद्यावर मुंग्या येत आणि तात्यांचा थोरला मुलगा कौलांवर चढे. 'आता दिसतंय का?' हा प्रश्न त्या काळी साऱ्या ठाणे जिल्ह्याच्या छपरांवरून विचारला जात असावा.

दिल्लीत दूरदर्शनचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाला. आठवड्यातून दोन दिवस, तासभर. मुंबईला १३ वर्षं थांबावं लागलं. २ ऑक्टोबर १९७२ रोजी हे केंद्र सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यातही चित्र दिसू लागलं. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, पण माणसं बरीचशी रेडिओच्या तालमीतली. त्यामुळे बोलणं स्वच्छ, आणि ऐकणाऱ्याला मूर्ख समजायचं नाही ही सवय.

आणि विविधता किती! 'आमची माती, आमची माणसं' शेतकऱ्यांसाठी. तात्या आगरी, भातशेतीवाले. नेमाने बघत आणि नेमाने कुरकुरत, ''ह्यो सगला घाटावरचा. खाऱ्या पान्याच्या शेताचा कोन सांगल?'' आकाशानंदांचा 'ज्ञानदीप' बघून तर गावोगावी प्रेक्षकांची मंडळं निघाली. टीव्ही पाहून लोक कामाला लागले, असं आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. 'गजरा' होता, 'किलबिल' होती, 'छायागीत' होतं. दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्व्यांचे गुंड्याभाऊ होऊन गेले होते. सुहासिनी मुळगांवकरांच्या 'प्रतिभा आणि प्रतिमा'त मी पहिल्यांदा जिवंत कवी बोलताना पाहिला. तोवर कवी म्हणजे पाठ्यपुस्तकातला, जन्मसालापुढे मृत्युसाल असलेला इसम, अशीच माझी समजूत होती.

त्या काळाची आरती ओवाळायची नाही मला. एकच चॅनेल, तेही सरकारी. दुसरं काही नसल्यामुळेच आम्ही कीटकनाशकांपासून कथकपर्यंत सगळं पाहिलं. कुतूहल काहीसं सक्तीचंच होतं. पण सक्तीने का होईना, लागलं.

वहीत १९८४च्या मे महिन्याचा तिसरा आठवडा कोरा आहे. त्यापुढचे सात आठवडेही. भिवंडीत दंगल पेटली होती. ठाणे, कल्याण, मुंबईपर्यंत पोचली, शेकडो माणसं गेली. कोपरहून खाडीपलीकडे पाहिलं की भिवंडी तालुकाच. माझे मामू तिकडे राहत. आमच्या आळीत कुणी कुणाला वावगा शब्द बोललं नाही, हे आधी सांगतो. पण अम्मी म्हणाली, ''संध्याकाळचं कुणाच्या घरी जायचं नाही.'' मी गेलो नाही. तात्यांच्या घरूनही कुणी बोलावलं नाही. टीव्हीचा आवाज तेवढा भिंतीतून यायचा.

जुलैच्या मध्यावर तात्या स्वतः दारात आले. अब्बांकडे पाहून मला म्हणाले, ''काय रं, साप्ताहिकी कोन लिवनार?''

अब्बा म्हणाले, ''जाऊ दे त्याला. मी न्यायला येईन.''

पुढचा महिना माझ्या वहीत गच्च भरलेला आहे. ७ जुलैला 'हम लोग' सुरू झालं होतं. तात्यांच्या सुनेने मला मागची सगळी गोष्ट पाच मिनिटांत सांगितली. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार गोष्टी सांगत, तेव्हा पोरंसुद्धा गप्प. त्याच दिवसांत देशात रोज एक या वेगाने नवे ट्रान्समीटर उभे राहत होते. आम्हाला त्याचं काय! अब्बा मात्र रोज टॉर्च घेऊन उंबऱ्याबाहेर उभे राहत. ''आत या,'' म्हटलं की ''नको, निघायचंच आहे,'' हे उत्तर ठरलेलं.

९ ऑगस्टला बातमी आली. लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक हुकलं. रुमानियाची धावपटू ५५.४१ सेकंद, उषा ५५.४२. सेकंदाचा शंभरावा भाग. अब्बा बाहेरूनच म्हणाले, ''शंभरावा भाग म्हणजे किती?'' तात्यांनी चुटकी वाजवली. ''नाही, चुटकीला त्याहून जास्त वेळ लागतो,'' असं म्हणत अब्बा आत आले, आणि त्या दोघांचा वाद इतका रंगला की पुढचा कार्यक्रम कुणीच पाहिला नाही. वहीत मी त्यापुढे फुली मारली आहे.

१५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाचे 'देशव्यापी वर्ग' सुरू झाले, इन्सॅट-१बी उपग्रहावरून. दुपारची वेळ, भाषा इंग्रजी. खरं तर ते कॉलेजातल्या मुलांसाठी. मी शाळकरी, निम्मं डोक्यावरून गेलं. तात्या झोपाळ्यावर पेंगत होते, अब्बा भिंतीला टेकून बसले होते. मी कानाला येतील तसे सात इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून घेतले. त्यातले तीन आजही लागत नाहीत. तात्यांनी एक डोळा उघडून वहीकडे पाहिलं. ''लिव लिव,'' म्हणाले, ''न उद्या मास्तरांना इचार.''